कोक-बोरूचे लातूर जिल्ह्यातले पहिले पंच

पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता मी जाहीर करतो की, मध्य आशियातल्या डोंगरांत शेकडो वर्षं घोड्यावर बसून खेळला जाणारा कोक-बोरू नावाचा खेळ आपल्या देशात पहिल्यांदा खेळला गेला तो दिल्लीत नाही, पुण्यात तर नाहीच नाही. तो खेळला गेला लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या मधल्या एका कोरड्या नदीत. या गोष्टीची कुठंही नोंद नाही. प्रेक्षकांपैकी बरेचसे घरी जाऊन विसरले. घोड्यांना कोणी विचारलं नाही. तेव्हा साक्षीदार म्हणून आता मीच उरलो आहे, आणि मी खोटं बोलतो अशी माझी ख्याती असली तरी या बाबतीत माझा नाइलाज आहे, कारण खरी गोष्टच तशी आहे.

त्या साली आमचा जिल्हा नवा झाला होता. काल झोपताना आम्ही उस्मानाबादचे होतो, आज उठलो तर लातूरचे. पाऊस मात्र कुठल्याच जिल्ह्याचा राहिला नव्हता. लोक म्हणायचे, वाटणी करताना पाऊस उस्मानाबादकडं गेला. उस्मानाबादच्या बाजूला पाहुणे होते, त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "आम्हाला वाटलं तुम्ही नेला." ज्या गावची ही गोष्ट, त्याच्या शेजारची नदी ही जिल्ह्याची हद्द. पलीकडे नांदेड. नदीत पाणी नसल्यानं हद्द कुठून जाते हेही कळेनासं झालं होतं. बायका घागरी घेऊन दोन्ही जिल्ह्यांत हिंडायच्या.

अशा वेळी मी त्या गावच्या शाळेत गणित शिकवायला रुजू झालो, आणि खोली मिळेना म्हणून कवायतीच्या सरांच्या खोलीत राहिलो.

सर अंगानं वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे. खाकी अर्धी चड्डी, तिच्याखाली दोन स्वतंत्र बुद्धीचे गुडघे, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट धुवायला पाणी नव्हतं, म्हणून रोज सकाळी ते बुटांना खडूची भुकटी फासायचे. चालले की मागं धुरळा उठायचा आणि पोरं म्हणायची, "सर टापा टाकत चालले." फळ्यावर लिहिताना ते हातातली छडी दातांत आडवी धरत. नव्या माणसाला वाटायचं, संतापलेत. तसं नव्हतं. कोक-बोरूतला घोडेस्वार दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून चाबूक दातांत धरतो, आणि सर सराव मोडू देत नव्हते.

सर आयुष्यात कधीही घोड्यावर बसलेले नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको.

त्यांना हा खेळ सापडला तो शाळेच्या वाचनालयात. तिथं रशियाहून एक मराठी मासिक यायचं. कागद असा गुळगुळीत की अख्ख्या तालुक्यातली पोरं त्याची वह्यांना कव्हरं घालायची. आत काय छापलंय ते वाचणारा माणूस एकच. एका अंकात एक फोटो होता: दोन घोडे एकमेकांना खांद्यानं रेटताहेत, दोन स्वार खाली वाकलेत, मधे एक बिनमुंडीचं बकरं, आणि चौघांच्या भोवती धूळ. सरांनी ते पान फ्रेम करून खोलीत लावलं होतं. शेजारी गणपती. उदबत्ती दोघांना मिळून एक.

"नीट बघा," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "यात चेंडू नाही. चेंडू निर्जीव असतो. त्याला वजन नसतं, इतिहास नसतो."

"बकरं पण मेलेलंच आहे की, सर."

"पण कधीतरी जिवंत होतं ना? चेंडूचं सांगा."



खेळाचा इतिहास ते असा सांगायचे, की समोरचा माणूस मेंढपाळ झाल्याशिवाय राहत नसे. फार पूर्वी त्या डोंगरांत पुरुष शिकारीला गेले की लांडगे मेंढरांवर यायचे. मग उरलेले घोड्यावर टांग टाकून लांडग्याचा पाठलाग करायचे, तो दमेपर्यंत पळवायचे, पळत्या घोड्यावरून वाकून त्याला उचलायचे आणि विजयाच्या भरात एकमेकांच्या हातून हिसकावत घरापर्यंत न्यायचे. कोक-बोरू म्हणजे करडा लांडगा. पुढं लांडग्याच्या जागी बकरं आलं, आणि हिसकाहिसकीला नियम आले. कझाख लोक या खेळाला कोकपार म्हणतात, अफगाण लोक बुझकशी.

एकदा हे सगळं त्यांनी पारावर सांगितलं. समोर एक म्हातारा धनगर बसला होता. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, लांडगा मारल्याव त्येला घिऊन पळायचं कशापायी?"

"आनंदानं."

"आमी मारला की घरी जातो," म्हातारा म्हणाला. "पळाया मेंढरं हायती की."

सर नाराज झाले नाहीत. खोलीवर येऊन म्हणाले, "बघितलंत? विषयात रस आहे लोकांना."

नियम मला आजही पाठ आहेत. दोन संघ, मैदानात एका वेळी प्रत्येकी चार स्वार. तीन डाव. मधे गोल आखून त्यात बकरं ठेवायचं. पंचानं शिट्टी मारली की झेप. बकरं हातानंच उचलायचं, मांडीखाली दाबून धरायचं, पण खोगिराला बांधायचं नाही. दुसऱ्या स्वाराला चाबूक मारायचा नाही, त्याला घोड्यावरून ओढायचं नाही. बकरं ओढायला मात्र पूर्ण मुभा. मैदानाच्या दोन टोकांना दोन मोठे काझान, म्हणजे मातीचे उंच गोल ओटे आणि प्रत्येकाच्या मधोमध खड्डा. दुरून बघितलं तर भली मोठी कढईच. समोरच्याच्या काझानात बकरं टाकलं की एक गोल.

आम्ही पहिला सराव सायकलींवर केला. बकरं म्हणून माझी गादी वळकटी करून बांधली. सरांचं म्हणणं, माझ्या गादीचं वजन अगदी प्रमाणात आहे. तीन तासांत गादीचं पोट फाटलं, सातवीतल्या दोघांच्या सायकलींचे आरे तुटले आणि मुख्याध्यापकांच्या डोक्यावर कापूस पडला. त्यानंतर शाळेच्या मैदानावर कोक-बोरूला बंदी आली आणि मी चटईवर झोपू लागलो.

एवढ्यावर हे प्रकरण संपलं असतं. पण सर त्या मार्चअखेरीस निवृत्त होणार होते. एका संध्याकाळी ते फोटोसमोर बसून म्हणाले, "मी गेलो की कव्हरं घालतील याचीही."

त्यांना स्वतःसाठी काही नको होतं. निवृत्तीनंतर ते बीडकडं बहिणीकडं राहायला जाणार होते. त्यांना फक्त हा खेळ आपल्या मागं इथं राहायला हवा होता. नव्या जिल्ह्याच्या क्रीडा-महोत्सवात कुठले खेळ घ्यायचे ते अजून ठरत होतं. एकदा का कोक-बोरू त्यात गेला की दरवर्षी खेळला जाईल, सर असोत नसोत. ते लातूरला जिल्हा कचेरीत तीनदा जाऊन आले. तिथल्या साहेबांनी शेवटी सांगितलं, "मी दुष्काळी कामं बघायला तिकडं येणारच आहे. दाखवा तुमचा खेळ. बरा वाटला तर पुढं बघू."

सर परत आले ते तरंगतच. आता घोडे हवे होते.

घोडे मिळाले, आणि ते मिळण्याचं कारण दुष्काळ. उदगीरच्या स्टेशनवर टांगा हाकणारे बाबूमियाँ आपली घोडी शबनम घेऊन आमच्या गावी बहिणीकडं येऊन राहिले होते, कारण इथं गुरांची छावणी उघडली होती. आल्यावर कळलं की छावणीत गाय, म्हैस, बैल चालतात. घोडा चालत नाही. घोडा हा गुरात मोडत नाही असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. बाबूमियाँ रोज सकाळी शबनमला घेऊन छावणीच्या दारात उभे राहायचे, त्या कारकुनानं तिच्याकडं एकदा नीट बघावं म्हणून. तो बघायचा नाही. अशीच आणखी काही वरातीची घोडी आणि तट्टं त्या पंचक्रोशीत मोकळी होती. लग्नं लांबणीवर पडली होती. नदीपलीकडं नांदेडच्या बाजूला नारबा होता, माळेगावच्या जत्रेत घोड्यांचा व्यवहार करणारा. त्याच्याकडं जत्रेत न खपलेले चार घोडे होते.

सर बाबूमियाँकडं गेले तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी खेळ समजावला. बाबूमियाँ शबनमच्या आयाळीतून बोटं फिरवत ऐकत राहिले.

"हे सगळं करून घोडीला काय मिळतंय, सर?"

"कीर्ती."

"हाव, पन ते भिजवून द्यायचं का कोरडंच?"

तरीही ते तयार झाले. नारबाही झाला. दोघांचंही कारण एकच: करायला काही नव्हतं. लातूर विरुद्ध नांदेड म्हटल्यावर बाकीची पोरं धावत आली.

मैदान म्हणून नदीचं पात्र ठरलं. काझानांसाठी सरांनी गुऱ्हाळातल्या दोन काहिली आणल्या. ऊस नव्हता, त्यामुळं काहिली उपड्याच पडल्या होत्या. गूळ उकळायची ती अजस्र कढई वाळूत काठापर्यंत पुरली की अगदी फोटोतल्यासारखं दिसायचं. सर तिच्याभोवती प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, "काझान म्हणजे कढईच. त्या लोकांना आपलं गुऱ्हाळ माहीत असणार."

राहिलं बकरं.

खरं बकरं आणायचा विषय सरांनी ग्रामपंचायतीत काढला आणि प्रामाणिकपणाच्या भरात सांगून बसले की, त्या देशात सामना संपला की ते शिजवून सगळे मिळून खातात.

"मग पळवायचं कशाला?" सरपंच म्हणाले. "आधीच शिजवू."

"पण खेळ..."

"जेवून खेळू की! उपाशीपोटी कोन खेळतंय, मास्तर?"

ठराव एकमतानं पास होण्याच्या बेतात असताना सरांनी विषय मागं घेतला. मग ते शिवणकामाच्या कांबळेबाईंकडं गेले. बाईंचा स्वभाव असा की तुम्ही हत्ती शिवा म्हटलं तरी त्या आधी मापच विचारतील.

"शेपूट ठेवायचं का, सर?"

"ठेवा. मुंडकं नको."

"मुंडकं न्हाई आन् शेपूट हाय. कमिटीतल्या मान्सावानी."

गोणपाटाचं बकरं तयार झालं. चार पाय, एक शेपूट, आणि पोटावर भरायला तोंड. आता भरायचं काय? सरांना वजन नेमकं हवं होतं. वाळू भरली तर माणसाचा गुडघा फुटेल. चिंध्या भरल्या तर वारा नेईल. शेवटी कांबळेबाईंनीच सुचवलं: बारीक केलेला कडबा भरा, आणि वजनाला आतून सरकीची पेंड. सरांनी छावणीतून ती उधार मागून आणली. "सामना झाला की परत," असं शपथेवर सांगितलं. बाईंनी सुतळीनं पोट शिवलं, उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "जनावराच्या तोंडचं काढून आनलंय, सर. लवकर परत करा."

इथं वाचकाच्या मनात जो प्रश्न आलाय तो आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही. का, ते सांगतो. शिवून झाल्या क्षणापासून सगळं गाव त्याला बकरं म्हणू लागलं. बकरं खोलीत आणा, बकऱ्याला ऊन लागतंय, बकऱ्यावर बसू नका. पोरांनी त्याचं नाव ठेवलं. आणि घोडा बकरं खात नाही, हे तर लहान पोरालाही ठाऊक असतं. सराव करताना आम्ही ते जपून ठेवायचो, घोड्यांना फक्त रिकामं पोतं द्यायचो. भरलेलं बकरं खरं मैदानावर येणार ते सामन्याच्याच दिवशी.

त्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवर माणसं बसली. पाणी असताना त्या नदीला एवढे लोक कधी आले नव्हते. साहेब जीपमधून उतरले. त्यांच्यासाठी खुर्ची आणि छत्री धरायला एक शिपाई होता. सरांनी इस्त्रीची चड्डी घातली होती. बुटांवर खडूचा दुहेरी थर.

"किती वेळ चालतं हे?" साहेबांनी विचारलं.

"तीन डाव, साहेब."

"एकच बघतो."

सरांनी बकरं मधल्या गोलात ठेवलं. त्याचं शेपूट सरळ केलं. मग ते मागं सरले आणि शिट्टी वाजली.

सुरुवातीला काही झालं नाही. नारबाचा पांढरा घोडा, राजा, हा आयुष्यभर वरातीत चाललेला. तो चार पावलं टाकायचा आणि थांबायचा. नवरदेवाच्या मित्रांचा नाच संपण्याची वाट बघायचा. नारबा खाली वाकून त्याच्या कानात शिव्या देत होता. तेवढ्यात बाबूमियाँ शबनमला घेऊन आत घुसले, चालत्या घोडीवरून असे खाली लवले की पागोट्याचं टोक वाळूला लागलं, आणि बकरं उचलून त्यांनी मांडीखाली घेतलं.

काठावरून आरोळी उठली. राजालाही बहुधा तो बँड वाटला, कारण तो उधळला आणि नारबानं येऊन बकऱ्याचा मागचा पाय धरला. दोन घोडे खांद्याला खांदा लावून रेटू लागले. दोघं स्वार खाली वाकलेले, मधे बकरं, भोवती धूळ. बाबूमियाँनी चाबूक दातांत धरला होता.

मी सरांकडं बघितलं. ते हलत नव्हते. खोलीतला फोटो त्यांच्यासमोर श्वास घेत होता, आणि त्यातून घामाचा वास येत होता. हे मला आज लिहिताना सुद्धा थट्टेत घालता येत नाही.

मग शबनमनं मान वळवली.

तिनं नाक बकऱ्याच्या पोटाला लावलं. एकदा हुंगलं. मग सुतळीवर दात ठेवून शांतपणे ओढलं. तिकडून नारबा ओढत होताच. कांबळेबाईंची शिवण काही साधी नव्हती, तरी दोन्हीकडून जोर आल्यावर ती उसवली, आणि बकऱ्यातून कडबा आणि पेंड वाळूत सांडली. राजा थांबला. यावेळी वरातीसाठी नाही. मागून बाकीचे सहाही आले. स्वारांनी लगाम खेचले, टाचा मारल्या, विनंत्या केल्या. आठ घोड्यांच्या माना खाली गेल्या आणि वर येईनात.

"फाऊल!" नारबा ओरडला. "सर, फाऊल द्या! तेंची घोडी बकरं खाऊन राहिली!"

"तुजं बी खातंयच की!" काठावरून कोणीतरी.

"पन सुरुवात कोनी केली?"

साहेब खुर्चीतून पुढं झुकले. "यात नियम काय आहे?"

सगळे सरांकडं बघू लागले. सर नियमांचे पुतळे. पण शेकडो वर्षांत त्या डोंगरात कुठल्या घोड्यानं बकरं खाल्लेलं नव्हतं, त्यामुळं नियम झालेलाच नव्हता. शिट्टी त्यांच्या ओठांत होती. ती वाजली असती तर स्वारांनी उतरून, मारून-मुटकून घोडी बाजूला काढली असती, फाटकं बकरं बांधून खेळ पुढं गेला असता, आणि साहेब अजून बसलेले होते.

तेवढ्यात बाबूमियाँ घोडीवरून खाली उडी टाकून ओरडले, "या अल्ला, वाळू जातीय पोटात! वाळूनं कळ येतीय, घोडी मरते!"

सरांनी शिट्टी ओठांतून काढली आणि खिशात टाकली. ते घोड्यांच्या गर्दीत शिरले. मी त्यांना घोड्याला हात लावताना पहिल्यांदा बघितलं. लावला म्हणजे, आठ तोंडांना कोपरानं सरकवत त्यांनी फाटकं बकरं छातीशी कवटाळलं आणि पळत सुटले. पंचाच्या हातात बकरं बघून काठावर टाळ्या पडल्या. मागून आठ घोडे. सर जवळच्या काहिलीपाशी पोचले, बकरं उलटं धरलं आणि सगळा कडबा, सगळी पेंड तिच्यात ओतली. मग ओंजळीनं वाळूतली पेंड वेचू लागले, फुंकर मारून काहिलीत टाकू लागले. कांबळेबाई पदर खोचून मदतीला आल्या. घोडे काहिलीच्या काठाभोवती गोल उभे राहून खाऊ लागले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "चाऱ्याचा उपक्रम चांगला आहे," ते मुख्याध्यापकांना म्हणाले. "खेळाचं मात्र कठीण दिसतं." आणि जीप धूळ उडवत निघून गेली. सरांनी तिच्याकडं वळूनही बघितलं नाही. पण मला माहीत होतं, त्यांनी ऐकलं होतं.

काठावरची माणसं उठू लागली. नारबा वाळूत बसून पाय चोळत होता. सर काहिलीच्या कडेला बसले, बुटांवरचा खडू घामानं उतरला होता. रिकामं गोणपाट घडी घालत ते कोणाकडंच न बघता म्हणाले, "झालं. संपलं."

घोड्यांच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता. बाबूमियाँ शबनमच्या मानेवर हात ठेवून तिचं खाणं बघत होते. त्यांनी काहिलीतली चिमूटभर पेंड उचलली, जिभेवर ठेवली, विचार केला, आणि सगळ्या नदीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"सर, पुढच्या सामन्याला बकऱ्यात जरा नमक टाका. शबनमला आळणी आवडत न्हाई."